दोन पिकांमधले वीस दिवस

पानिपत हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कुंजपुरा, सोनपत आणि बागपत ही नावेही बखरींतून व शालेय पुस्तकांतून त्याच्या कानावर पडलेली असतात. १७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला, तेव्हा तेथील धान्याचा मोठा साठा मराठ्यांच्या हाती आला. त्याच महिन्यात अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पुढे जवळजवळ अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर राहिली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी व्हायचे ते झाले. या सर्व काळात तलवारीइतकेच महत्त्व धान्याला होते. ज्या शिवारात छावण्या पडल्या, त्या शिवाराचे ते दिवस वास्तविक एक पीक घरात आणण्याचे आणि दुसरे पेरण्याचे होते. इतिहासाच्या पुस्तकात मात्र त्या शेतकऱ्याला जागा मिळाली नाही.

तो शेतकरी आजही तेथेच आहे. त्याचा मुलूख आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्लीची वाढ आसपासच्या प्रदेशाला धरून व्हावी, या हेतूने १९८५ च्या कायद्याने या क्षेत्राची रीतसर आखणी झाली. आज हरियाणातील चौदा आणि उत्तर प्रदेशातील आठ जिल्हे, तसेच राजस्थानचा काही भाग व खुद्द दिल्ली त्यात येते. राजधानी म्हटले की उंच इमारती आणि रुंद रस्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. पण या क्षेत्राचा फार मोठा भाग अजून शेतीचाच आहे. यमुनेच्या पश्चिमेस सोनपत, पानिपत व कर्नाल येथे भात आणि गहू, पूर्वेस बागपत-मेरठकडे ऊस, तर दक्षिणेकडे रेवाडी-महेंद्रगडच्या वाळूमिश्रित जमिनीत बाजरी आणि मोहरी, अशी साधारण वाटणी आहे. यांपैकी भात-गव्हाच्या पट्ट्यातील एखाद्या तरुण कुटुंबाचा शरद ऋतू कसा जातो हे पाहिले, तर त्या प्रदेशाचे सुख आणि त्याची अडचण ही दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात.

असे कुटुंब बहुधा आईवडिलांच्या छायेत असते. तिशीच्या आतबाहेरचा नवरा, त्याची बायको, शाळेत जाणारी एक मुलगी, अंगणात रांगणारे एक मूल, वृद्ध सासूसासरे, दोन-तीन म्हशी आणि चार-पाच किल्ले जमीन. एकराला तेथे किल्ला म्हणतात. ‘आमचे पाच किल्ले आहेत’ असे एखादा साधा शेतकरी सहज सांगतो, तेव्हा सह्याद्रीतून आलेल्या पाहुण्याला क्षणभर गंमत वाटते. एवढ्या जमिनीवर सहा जणांचे भागत नाही. म्हणून नवरा कुंडली किंवा बहादूरगडच्या एखाद्या कारखान्यात पाळी करतो, मालमोटार चालवतो, नाहीतर पोलीस वा सैन्यभरतीची आशा वयाची मर्यादा संपेपर्यंत धरून असतो. शेतावर त्याचे लक्ष असते. परंतु घर आणि गोठा यांचा भार प्रामुख्याने बायकोच्या डोक्यावर असतो.

तिचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. म्हशींना वैरण घालणे, धारा काढणे, शेण उचलणे ही कामे दिवस उजाडण्यापूर्वीच व्हावी लागतात. मुऱ्हा जातीच्या म्हशीचे माहेर म्हणजे हाच रोहतक-जींदचा प्रदेश. काळीभोर कातडी आणि गुंडाळल्यासारखी वळलेली आखूड शिंगे ही तिची खूण. या म्हशी पावसाळ्याच्या मध्यापासून शरदापर्यंत अधिक वितात. त्यामुळे अश्विन-कार्तिकात घरात दुधाची समृद्धी असते. म्हैस व्याल्यावरच्या चिकाला तेथे खीस म्हणतात आणि आपल्याकडील खरवसाप्रमाणे तो शेजारीपाजारी वाटला जातो. जास्तीचे दूध न्यायला दूधिया येतो. मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकावून तो भल्या सकाळी शहराची वाट धरतो. दिल्लीकराच्या चहातील दूध कोठून आले याचे उत्तर पुष्कळदा अशा एखाद्या गोठ्यात सापडते.

शेणाच्या गोवऱ्या थापून त्या गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी वाळत घालतात. पावसाळा सरल्याने त्या आता चांगल्या वाळतात. मग त्यांचा घुमटासारखा ढीग रचून वरून तोही शेणाने लिंपून घेतात. याला बिटोडा म्हणतात. कित्येक घरांतील स्त्रिया या ढिगाच्या ओल्या लिंपणावर बोटांनी वेलबुट्टी काढतात. घरात गॅसची शेगडी आली आहे. तरी दूध तापवायला आणि म्हशींची आंबोण शिजवायला गोवरीची मंद आच अद्याप पुरवली जाते.

महिन्यांच्या बाबतीत मराठी माणसाचा येथे थोडा घोटाळा होतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी तेथे कार्तिक लागतो, तर आपल्याकडे अश्विनाचा वद्य पक्ष चालू असतो. दिवाळीची अमावास्या एकच. पण आपल्या पंचांगात ती अश्विनातली आणि त्यांच्या पंचांगात कार्तिकातली. हा कार्तिक, गावच्या बोलीत ‘कातक’, स्त्रियांचा महिना समजला जातो. त्या पहाटे उठून स्नान करतात आणि घोळक्याने गाणी म्हणतात. कामांनी गच्च भरलेल्या दिवसात हा तासाभराचा वेळ तेवढा त्यांचा स्वतःचा असतो.

त्यापूर्वी नवरात्रात लहान मुलींचा सण होऊन गेलेला असतो. त्याचे नाव सांझी. घटस्थापनेच्या आधी काही दिवस मुली तळ्यावरून चिकणमाती आणतात, तिचे तारे, चांदण्या, दागिने, हात-पाय करून वाळवतात आणि चुन्याने व रंगाने रंगवतात. पहिल्या दिवशी भिंतीवर शेणाच्या आधाराने हे सर्व तुकडे चिकटवून देवीची आकृती उभी करतात. मग रोज सायंकाळी गल्लीतील मुली जमून तिच्यापुढे दिवा लावतात आणि गाणी म्हणतात. महाराष्ट्रातील भोंडला, हादगा आणि विदर्भातील भुलाबाई यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. दसऱ्याला सांझी भिंतीवरून उतरवून भोके पाडलेल्या मडक्यात घालतात, आत दिवा ठेवतात आणि रात्री गावच्या जोहडात, म्हणजे तळ्यात, ते मडके सोडतात. ते पैलतीराला लागू नये अशी समजूत असल्याने मुलगे काठ्या घेऊन पाण्यात उतरतात आणि ते फोडून टाकतात. जोहड बुजवून त्या जागी इमारती उठल्या, तेथे मुलींना मडके कोठे सोडावे हा प्रश्न पडतो. तरीही सांझी बसते. कोठे मातीची, कोठे बाजारातून आणलेल्या कागदाची.

मुली सांझीची गाणी म्हणत असतात, त्याच सुमारास शेतातला भात पिवळा पडू लागतो. या भातात दोन मुख्य प्रकार आहेत. एक साधा, ज्याला तेथे परमल म्हणतात. तो शासन आधारभूत भावाने विकत घेते. दुसरा बासमती. त्याला शासकीय भाव नाही. परदेशातील मागणीप्रमाणे त्याचा दर चढतो वा उतरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले पुसा बासमती ११२१ आणि पुसा बासमती १५०९ हे वाण या भागात घरोघरी माहीत आहेत. पहिल्याचा दाणा शिजल्यावर विलक्षण लांब होतो. दुसरा वाण २०१३ मध्ये आला आणि तो लवकर तयार होतो. ही संस्था १९०५ मध्ये बिहारातील पुसा या गावी स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत मोडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली. गावाचे नाव मात्र ती बरोबर घेऊन आली आणि आता ते भाताच्या पोत्यांवर वाचायला मिळते.

परमल भाताची कापणी आता बहुतेक यंत्रानेच होते. पाच किल्ल्यांचे पीक एका दिवसात कापून, मळून, ट्रॉलीत भरले जाते. त्यानंतर मंडीची वाट. धान्यात ओलावा शेकडा १७ पेक्षा अधिक असेल तर शासकीय खरेदी होत नाही. मग भात मंडीच्या फरसबंदीवर पसरून वाळवावा लागतो. नवरा दोन-दोन रात्री आपल्या ढिगाशेजारी काढतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता. पैसे थेट बँकेत जमा होतात. पण मधला आढत्या नाहीसा झालेला नाही. लग्नकार्याला, आजारपणाला अथवा खताला अडीअडचणीच्या वेळी कर्ज देणारा तोच असतो आणि त्याचा हिशेब दिवाळीपूर्वी मिटवावा लागतो. मुलांचे कपडे, रजईत भरायचा नवा कापूस, शाळेची फी ही सर्व त्यानंतर.

भात घरातून गेला, म्हणजे उसंत मिळाली असे नव्हे. खरी धावपळ येथूनच सुरू होते. कारण गव्हाची पेरणी थांबत नाही. या प्रदेशात गव्हाला सर्वांत मानवणारा काळ म्हणजे नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे. त्यापुढे जो उशीर होईल तो मार्चअखेरीस भोवतो. दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापते आणि गहू बारीक राहतो. भात निघण्याचा दिवस आणि गहू पेरण्याचा दिवस यांमध्ये उरतात सुमारे वीस दिवस. एवढ्या अवधीत शेत मोकळे करायचे, पाणी द्यायचे, वाफसा येऊ द्यायचा, नांगरायचे आणि पेरायचे. पेरणीपूर्वीच्या या पाण्याला तेथे पलेवा म्हणतात. पलेवा दिल्यावर वाफसा यायलाच आठवडा लागतो. हिशेब मांडून पाहिला, म्हणजे वीस दिवसांतले शिल्लक किती उरले हे ध्यानात येते.

ही तंगी पूर्वापार नव्हती. दोन पिढ्यांपूर्वी या भागात भात थोडाच होता. खरिपात ज्वारी, बाजरी, कापूस आणि रब्बीत गहू व हरभरा अशी रीत होती. पुष्कळ जमीन तर पावसाळ्यात पड टाकून फक्त रब्बीसाठी राखली जाई. १९६० नंतरच्या दशकात दिल्लीच्या वायव्येस जौंती या गावी कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बुटक्या गव्हाचे बियाणे शेतकऱ्यांच्या शेतातच वाढवले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे देशात आले. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, तेही प्रथम राजधानीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठीच. अन्नासाठी परदेशी जहाजांची वाट पाहणाऱ्या देशाला त्या वेळी धान्य हवे होते, आणि ते या गावांनी पिकवले. पुढे नलिका-विहिरी आल्या, वीज आली, शासकीय खरेदी आली आणि गव्हाच्या जोडीला भात येऊन बसला.

भाताने पाणी उपसले. भूजल खोल जाऊ लागले तेव्हा २००९ मध्ये हरियाणाने कायदा केला की १५ जूनपूर्वी भाताची लावणी करू नये. लावणी पावसाच्या जवळ गेली, त्यामुळे कडक उन्हात वाफ होऊन जाणारे पाणी वाचले. हेतू योग्यच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वीचे दिवस आणखी कमी झाले. त्यातच कापणीचे यंत्र कणसे वरच्या वर कापते; खाली वीतभर वा त्याहून उंच धसकटे उभी राहतात आणि मोकळा पेंढा मागे ओळीने पडतो. या पेंढ्याला तेथे पराली म्हणतात. गव्हाच्या भुशासारखी ती म्हशी आवडीने खात नाहीत, कारण तिच्यात सिलिकाचे प्रमाण बरेच असते. एक संकट टाळताना दुसरे उभे राहिले, ते असे. पाणी वाचवण्याचा कायदा आणि श्रम वाचवणारे यंत्र यांच्या मधल्या जागेत परालीचा ढीग येऊन पडला, आणि तो हटवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काड्यापेटीतली एक काडी.

हा धूर दिल्लीस पोहोचला की त्याची वार्ता होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये राजधानीतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तेव्हापासून कार्तिक महिना व दूषित हवा यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. यातील शास्त्र समजून घेतले पाहिजे. शरदाच्या अखेरीस वारा मंदावतो, जमीन रात्री लवकर थंड होते आणि थंड हवेचा थर खालीच दबून राहतो. मग त्यात मिसळलेला धूर वर जात नाही. मोटारींचा व कारखान्यांचा धूर, बांधकामाची धूळ आणि कचऱ्याच्या आगी तर वर्षभर असतातच. परालीच्या धुराचा वाटा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज बदलतो. काही दिवस तो मोठा असतो, काही दिवस अगदी थोडा. सारा दोष शेतकऱ्यावर टाकणे जसे चुकीचे, तसेच त्याचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही खरे नाही.

परंतु दिल्लीची चर्चा करताना एक गोष्ट निसटते. तो धूर आधी गावातच राहतो. शेताला लागून असलेल्या घरात रांगणारे मूल तो सर्वांआधी श्वासावाटे घेते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या जिल्ह्यांत पिकांचे अवशेष मोठ्या प्रमाणावर जाळले जातात, तेथील लोकांना तीव्र श्वसनविकार होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, आणि पाच वर्षांखालील मुले त्यात विशेष सापडतात. हा अभ्यास हरियाणातील आणि दक्षिणेकडील राज्यांतील लोकांची तुलना करून केला होता. ज्या आईने दिवाळीच्या आधी आठ दिवस मुलांच्या आयुष्यासाठी अहोईअष्टमीचा उपास केलेला असतो, तिलाच त्या आठवड्यात मुलाच्या छातीला शेक देत रात्र जागवावी लागते. काडी लावावी की न लावावी, हा प्रश्न म्हणून केवळ शेताचा राहत नाही. तो घरात येतो. नवरा-बायकोचे, बापलेकाचे त्यावरून शब्दाला शब्द लागतात. म्हाताऱ्याला पेरणीचा दिवस दिसत असतो आणि सुनेला मुलाचा खोकला ऐकू येत असतो. दोघांचेही बरोबर असते.

जाळल्याने जमिनीचेही नुकसानच होते. एक टन पेंढ्यात साडेपाच किलोच्या आसपास नत्र आणि पंचवीस किलोच्या आसपास पालाश असतो. आगीत नत्र व सेंद्रिय कर्ब उडून जातात आणि पुढे तेच नत्र पोत्यातून विकत आणावे लागते. हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. त्याला हवी असते ती दुसरी वाट, आणि तीही त्या वीस दिवसांच्या आत.

अशा वाटा आता निघाल्या आहेत. हॅपी सीडर नावाचे यंत्र उभ्या धसकटातून पेंढा कापत जाते, गव्हाचे बी थेट जमिनीत टाकते आणि पेंढा त्यावरच पसरते. नांगरट वाचते, ओल टिकते आणि तणही कमी उगवते. दुसरे यंत्र पेंढ्याचे गठ्ठे बांधते. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलच्या इथेनॉल कारखान्याचे लोकार्पण झाले. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा वापरून तीन कोटी लिटर इथेनॉल काढावे अशी त्याची आखणी आहे. २०१८ पासून केंद्र शासन यंत्रांना अनुदान देते. लवकर येणारे भाताचे वाण वीस दिवसांचे तीस दिवस करून देतात. जेथे बासमती हाताने कापतात, तेथे प्रश्नच कमी. त्याचा पेंढा मऊ असल्याने तो वैरणीला जातो. दुसऱ्या बाजूस दंडही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट झाला : दोन एकरांपर्यंत पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार आणि त्यापुढे तीस हजार रुपये. उपग्रहाने टिपलेल्या आगी हरियाणात २०२१ मध्ये सात हजारांच्या आसपास होत्या. २०२४ मध्ये त्या सुमारे चौदाशे झाल्या. उपग्रह वरून जाण्याची वेळ टाळून लावलेली आग या मोजणीतून सुटते असा आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यायला हवा. तथापि गावांतील रीत बदलू लागली आहे एवढे खरे.

तरी अडचण संपलेली नाही. यंत्र महाग, म्हणून ते भाड्याने आणायचे. आणि साऱ्या गावाला ते एकाच आठवड्यात हवे. मोठ्या जमीनदाराचा नंबर आधी लागतो. पाच किल्लेवाला रोज सकाळी चौकशी करून परत येतो आणि वीसातला एक-एक दिवस कमी होत जातो. धाक दाखवून काडी हातातून काढून घेता येते. पण वेळेवर यंत्र दारात आले, तर ती काडी मुळात पेटवावीच लागत नाही. या दोहोंतील कोणता मार्ग टिकाऊ, हे सांगायला नको.

अखेर पेरणी होते. मधल्या दिवसांत दिवाळी येऊन गेलेली असते. पाडव्याला आपल्याकडे बळीची आठवण होते, तेथे अंगणात शेणाचा गोवर्धन मांडून त्याची पूजा करतात. मग देवउठनी एकादशी; आपल्याकडची हीच कार्तिकी, ज्या दिवशी पंढरीला वारकऱ्यांची दाटी होते. तेथे बायका रात्री गाणी म्हणून, ताटे वाजवून देवाला जागे करतात आणि दुसऱ्या दिवसापासून लग्नांचे ढोल वाजू लागतात. कार्तिक पौर्णिमेला गंगाकाठी गढमुक्तेश्वरची मोठी जत्रा भरते. पलीकडच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे तंबू-बिछान्यांसह तेथे मुक्कामाला जातात.

यानंतरचा हिशेब तरुण शेतकरी बोटांवर मोजतो. पेरणीपासून एकविसाव्या दिवशी गव्हाला पहिले पाणी मिळाले पाहिजे. त्या वेळी रोपाला मुकुटमुळे फुटतात आणि ते पाणी चुकले तर पुढे कितीही दिले तरी भरपाई होत नाही. रात्रपाळीची वीज आली की तो कांबळे पांघरून शेतावर जातो. बायको पहाटे उठून धारा काढते, मुलीची वेणी घालते, तिला शाळेत धाडते. अंगणात ऊन येते तेव्हा धाकटे मूल आजीच्या मांडीवर बसून लोणी-भाकरी खात असते. धुके विरले की शिवारात गव्हाच्या बारीक हिरव्या ओळी दिसू लागतात. ज्या घराने ते वीस दिवस धूर न करता पार पाडले, त्या घरातल्या आईला त्या ओळी पाहताना दुहेरी समाधान असते : वर्षाचे धान्य मातीत पडले, आणि मूल रात्रभर शांत झोपले.